झाला का ट्रक?

जुनी मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे लोक कौतुकानं बघतात. जुना ट्रक दुरुस्त करणाऱ्याकडे काळजीनं बघतात. मोटारीचं एक वेळ समजू शकतं. पुतण्याच्या वरातीला ती कामाला येते, दसऱ्याला झेंडूचा हार घालून तिच्यापुढे उभं राहता येतं, एखादा मालिकावाला तिला दिवसाच्या भाड्यानं नेतो. पण १९५८ सालचा फार्गो ट्रक अगदी चकाचक झाला तरी माणसानं त्याचं करायचं काय? बायकोला फिरायला न्यायचं, की वाळूचा धंदा काढायचा? तरीही अशी माणसं आहेत. इंग्लंड-अमेरिकेत ढिगानं आहेत, आपल्याकडेही तुरळक सापडतात. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न पैशाचा नसतो आणि सुट्या भागांचाही नसतो. भंगारवाल्याच्या आवारातून ट्रक ओढत घरी आणताना जो उत्साह असतो, तो चौथ्या वर्षापर्यंत टिकवायचा कसा, हा असतो. यावर सल्ला द्यायला सगळे तयार. रोज थोडंथोडं करावं, पुऱ्या झालेल्या ट्रकचं चित्र भिंतीवर लावावं, मन प्रसन्न ठेवावं, वगैरे. माझं म्हणणं असं की उत्साह टिकवण्याच्या भानगडीत पडूच नये. उत्साह म्हणजे गाडीचा सेल्फ. इंजिनाला पहिले दोन-चार फेरे देऊन बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. गाडी गिअरमध्ये टाकून नुसत्या सेल्फवर रेटली तर ती चार हात पुढे सरकतेही. पण मग बॅटरी बसते आणि गाडी जिथल्या तिथे. जुना ट्रक पुरा होतो तो लाजेनं, चारचौघांत कुणीतरी विचारील या धास्तीनं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण पुरावा त्या बाजूचा आहे.

आधी हौसेची बाजू मांडू, कारण हौस खोटी नसते. आपल्या भागातल्या माणसाला ट्रकचं वेड लागावं असा इतिहास खरोखरच आहे. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, आणि तिथून शेवरोले मोटारींबरोबर ट्रकही बाहेर पडू लागले. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला ट्रक बनवले. ट्रक एकच, पण तोंडावर पाटी कधी डॉजची, कधी डिसोटोची, कधी फार्गोची. एकाच मालाला तीन नावं देऊन विकण्याची विद्या आजकालच्या जाहिरातवाल्यांनी काढली असं कुणाला वाटत असेल तर त्यानं कुर्ल्याला नमस्कार करावा. टाटांनी १९५४ साली डाइमलर-बेंझशी हातमिळवणी केली, जमशेदपूरहून मर्सिडीजचा तारा मिरवणारे ट्रक देशभर गेले, आणि १९६९ साली करार संपल्यावर तारा जाऊन त्या जागी 'टी' आला. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघालेली एसटीची पहिली गाडी बेडफर्ड होती. ज्याच्या आजोबांनी असल्या ट्रकातून लासलगावचा कांदा रातोरात भायखळ्याला पोचवला, त्याला भंगाराच्या ढिगात ती पाटी दिसली की गलबलून येणं साहजिक आहे. गलबलण्यात वावगं काहीच नाही. फक्त ते सौदा होईपर्यंत पुरतं.

उत्साहाची परीक्षा सुरुवातीला होतच नाही, ही त्यातली मेख. खोलाखोली हा सगळ्यात सुखाचा काळ. मडगार्ड निघतं, बॉनेट निघतं, रेडिएटर निघतो, केबिन चौघांनी उचलून बाजूला ठेवली की संध्याकाळपर्यंत अंगणाचा नूरच पालटलेला असतो. केलेलं काम डोळ्यांना दिसतं. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत जातात आणि डब्यांवर मार्करनं मजकूर लिहिला जातो. पहिल्या डब्यांवर 'पुढचा ब्रेक, उजवा, आतली बाजू' असं वळणदार अक्षरात. पुढच्यांवर नुसतंच 'ब्रेक'. आणि शेवटच्यांवर 'इतर'. जुन्या ट्रकचा निम्मा संसार शेवटी 'इतर'मध्येच जमा होतो. चढ लागतो तो चासी उघडी पडल्यावर. आता गंज खरवडायचा, सँडब्लास्टिंग करून घ्यायचं, रेड ऑक्साइड मारायचा, कमानपाटे सोडवून बुश बदलायचे, आणि एवढं करून झालं की ते सगळं केबिनखाली, फळ्यांखाली, चाकांमागे कायमचं झाकून टाकायचं. सहा महिने राबून ट्रक पूर्वीपेक्षा कमी ट्रकसारखा दिसू लागतो. आणलेला दिवस बरा होता असं वाटायला लावणारा हा बहुधा एकच छंद असावा.

त्यात ट्रक स्वतः सहकार्य करत नाही. डाव्या चाकाचा नट घ्या. डॉज-फार्गोच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. गाडी धावताना फिरणाऱ्या चाकानं नट ढिले होऊ नयेत म्हणून क्रायस्लरनं ती सोय केली होती. स्टडच्या तोंडावर इंग्रजी 'एल' ठोकलेलाही असतो, पण तो साठ वर्षांच्या गंजाखाली आणि रंगाच्या चार थरांखाली. आपला हौशी मालक नटाला पाना लावतो, पान्यात तीन फुटी पाइप घालतो, पाइपवर मेहुण्याला उभं करतो, आणि दोघं मिळून तो नट मनोभावे आवळतात. स्टड तुटल्यावर खुलासा होतो. किंगपिनचं तर विचारू नये. ती ॲक्सलच्या डोळ्यात अशी धरून बसलेली असते की गॅसनं तापवा, घण घाला, रात्रभर डिझेल पाजा, ती हूं की चूं करत नाही. पाने हा आणखी एक छळ. अमेरिकन गाडीला इंची पाने लागतात, टाटा-मर्सिडीजला मिलिमीटरचे, आणि मधल्या काळातल्या कुठल्याशा मिस्त्रीनं हाताला लागला तो बोल्ट ठोकून बसवलेला असल्यामुळे एकाच गाडीला दोन्ही. अशा संध्याकाळी भिंतीवरचं पुऱ्या झालेल्या ट्रकचं चित्र धीर देत नाही. ते दात काढून हसतं.

उत्साहाचा दुसरा दोष म्हणजे त्याला हिशेब येत नाही. १९९४ साली छापलेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, काम किती दिवसांत उरकेल? सरासरी उत्तर ३४ दिवस. आणि सगळंच बिनसलं तर? तर ४९. प्रत्यक्षात लागले ५६. म्हणजे वाईटात वाईट जे सुचू शकलं त्याहूनही आठवडाभर जास्त. प्रबंधाला किंगपिन नसते, हे लक्षात घ्या. कुणी म्हणेल, पोरं ती, त्यांना काय कळतंय. जाणत्या माणसांचे अंदाज बरोबर येतात. तर इंग्लंडच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे बघा. तिथे पाइपवर उभा राहणारा मेहुणा नव्हता, वाफेच्या इंजिनात हयात घातलेली माणसं होती. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे त्यांचं लाडकं इंजिन २००६ साली दुरुस्तीला घेतलं, ते २०१६ साली रुळावर आलं आणि खर्च ४० लाख पौंडांच्या वर गेला. मग 'गणपतीपर्यंत उभा करतो' म्हणणाऱ्या आपल्या माणसाला काय बोल लावायचा? त्याचा गणपती दसऱ्यावर जातो, दसरा दिवाळीवर, दिवाळी पाडव्यावर, आणि कोणत्या सालचा पाडवा हे तो मुळात बोललेलाच नसतो. पण प्रत्येक हुकलेली तारीख उत्साहातून आपला वाटा कापून नेते. उत्साहाला तारखा द्यायची सवय आणि तारखांना हुकायची, त्यामुळे जितका उत्साह जास्त तितका तो लवकर संपतो. थंड डोक्याचा माणूस या धंद्यात जास्त टिकतो, असं जे जुने मिस्त्री सांगतात त्यात तथ्य आहे.

आता लाज. लाजेचं आणि ट्रकचं नातं मोटारीपेक्षा जवळचं आहे, आणि त्याचं कारण निव्वळ लांबी-रुंदी. अर्धवट मोटार गॅरेजात ढकलून शटर ओढता येतं. अर्धवट शिकलेली पेटी पलंगाखाली जाते, जिमची पावती पाकिटात मुरते. वीस-बावीस फुटांचा ट्रक कुठे लपवणार? ताडपत्री टाकली तर खाली ट्रक आहे हे उलट लांबून कळतं. तो गल्लीतल्या प्रत्येकाला दिसतो, आणि दिसलेल्या गोष्टीबद्दल विचारल्यावाचून राहणं हे आपल्या लोकांच्या स्वभावात नाही. दूधवाला सायकल टेकवून विचारतो, 'काका, झाला का ट्रक?' लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारा लांबचा मावसभाऊ विचारतो, 'काय दादा, अजून तेच चाललंय?' घरातला सूर निराळा असतो: 'अहो, तेवढ्या जागेत चार कुंड्या तरी बसल्या असत्या.' यातल्या कुणालाच उत्तरात रस नसतो. पण उत्तर द्यावं लागतं, आणि दर वेळी तेच देता येत नाही, ही यातली गंमत. मागच्या खेपेला 'ब्रेकचं काम काढलंय' म्हणून सांगितलं असेल, तर या खेपेला 'ब्रेक झाले, आता वायरिंग' म्हणण्यासाठी ब्रेक व्हावेच लागतात. व्हील सिलिंडरची रबरं बदलून आणायला मालक शनिवारी दुपारच्या उन्हात जातो तो ट्रकच्या प्रेमापोटी जातो असं त्याला वाटत असेल. रविवारी साखरपुडा असतो, आणि तिथे तो मावसभाऊ असतो.

इथे मानसशास्त्र वाचलेला वाचक हात वर करील. पीटर गोलविट्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नेमकं उलट दाखवलं आहे. त्यांच्या प्रयोगात कायद्याच्या विद्यार्थ्यांचाही समावेश होता, आणि ज्यांच्या चांगल्या संकल्पाची दुसऱ्या कुणी दखल घेतली, ते त्या संकल्पासाठी कमी राबले. लोकांनी मान डोलावली की आपण जणू ते झालोच, असं आयतं समाधान मिळतं. मग चारचौघांना कळल्यानं ट्रक पुढे कसा सरकणार? हरकत वजनदार आहे. पण उलटून पाहिली तर ती माझ्याच पारड्यात पडते. ते समाधान मान्यतेतून येतं. 'मी वकील होणार' म्हणणाऱ्याकडे लोक अर्धा वकील म्हणून बघू लागतात आणि घरातल्या भाडेकरूच्या भांडणाचा सल्लाही विचारतात. 'मी फार्गो उभा करणार' म्हणणाऱ्याकडे अर्धा ट्रकमालक म्हणून कुणी बघत नाही. डोकं अर्धं ठिकाणावर असलेला म्हणून बघतात. इथे आयतं काहीच मिळत नाही, फक्त विचारणा मिळते. धोका आहे तो फोटोंचा. ज्यानं पहिल्याच महिन्यात गंजक्या बॉनेटवर हात ठेवून काढलेला फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि पन्नास अंगठे गोळा केले, त्याच्या ट्रकची आशा मी सोडून देईन. त्यानं मजुरी आधीच उचलली. आता कामाला कशाला येतोय तो?

ब्रिटनमधल्या ट्रकवेड्यांनी ही लाज रीतसर कामाला लावली आहे. तिथल्या जुन्या लॉऱ्या-बसगाड्यांच्या संस्थेची लंडन ते ब्रायटन अशी फेरी १९६२ पासून होत आली आहे, साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला. आपण स्वतःला दिलेला गणपतीचा वायदा मोडला तर बाप्पा काही बोलत नाहीत. ब्रायटनच्या फेरीत नाव देऊन ट्रक आणला नाही तर बाकीचे ट्रकवाले बोलतात, आणि वर्षभर बोलतात. आपल्याकडे मोटारींच्या मिरवणुका निघतात, कलकत्त्या-दिल्लीत स्टेट्समनची रॅली साठच्या दशकापासून आहे, पण ट्रकला तिथे पाहुणा म्हणूनही फारसं कुणी बोलवत नाही. त्यामुळे आपल्या ट्रकवाल्याला लाज घरगुती साधनांवरच भागवावी लागते. सुदैवानं तिचा तुटवडा नाही.

अर्थात लाज माणसाला शेडपर्यंत आणून सोडते; आत जाऊन हात कशाला घालायचा हे ती सांगत नाही. तिथे जरा लबाडी करावी लागते. जोसेफ नुनेस आणि झाविए द्रेझ या दोघांनी २००६ साली एक झकास प्रयोग छापला. मोटारी धुण्याच्या दुकानातल्या ३०० गिऱ्हाइकांना त्यांनी कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ घरं, आठ शिक्के भरले की एक धुलाई फुकट. उरलेल्यांच्या कार्डावर दहा घरं, पण त्यातल्या दोनांवर आधीच शिक्का. गाडी आठच वेळा धुवायची दोघांनाही. पहिल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड भरलं, दुसऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. दोन फुकटच्या शिक्क्यांवर माणूस एवढा हुरळतो, हे कळल्यावर कामांची यादी कशी लिहायची ते उघड आहे. 'ट्रक पसंत केला', 'ट्रक घरी आणला', 'शेजाऱ्यांची समजूत काढली' ही कामं यादीत सगळ्यात वर लिहून त्यांवर लगोलग काट मारावी. आणि पुढची कामं लिहिताना 'इंजिन' असा शब्द चुकूनही लिहू नये. इंजिन हे काम नाही, तो संकटांचा समूह आहे. हेड लेथवाल्याकडे टाकणं हे काम. हेडलाइटची रिंग पॉलिश करणं हे काम. वायपरची मोटर खोलून, रॉकेलनं धुऊन, बॅटरीवर फिरवून बघणं हे तर फारच गोड काम; ती घर्रकन फिरली की मालक घरातल्या सगळ्यांना हाका मारतो, आणि कुणी येत नाही ते सोडा.

यावरही आक्षेप आहे, आणि तो खोडता येत नाही. छोट्या कामांची चटक लागली की माणूस हॉर्न पाचव्यांदा चकचकवत बसतो आणि चासी आपली गंजत राहते. असे ट्रक पाहायला मिळतात: दिवे आरशासारखे, खाली काही नाही. पण बघा, हॉर्नवाल्याला सावरायलाही शेवटी बाहेरचंच कुणीतरी लागतं, आणि ते काम आपल्याकडे मिस्त्री करतो. जुन्या डिझेल पंपाचा टायमिंग कानानं लावणारे म्हातारे मिस्त्री आता मोजके राहिले आहेत. ते सांगतील तो रविवार पाळावा लागतो. मिस्त्री आला, स्टुलावर बसला, त्यानं कोरा चहा मागितला आणि विचारलं, 'पंप उतरवून ठेवा म्हटलं होतं, ठेवलाय का?' या प्रश्नापुढे हॉर्न दाखवून चालत नाही. मिस्त्री रागावतही नाही. तो बिडी विझवतो, 'मग पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो आणि निघतो. त्या एका वाक्यानं शनिवारच्या किती रात्री जागवल्या असतील! पंप, क्लच प्लेट, क्राऊन-पिनियन हे अवघड अवयव मिस्त्रीच्या धाकानं होतात. नसलेल्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार आहे, कुर्ल्याचा भंगार बाजार आहे, आणि तिथेही नाही मिळालं तर कोल्हापूरचं उद्यमनगर आहे, जिथे तुटका तुकडा टेबलावर ठेवला की टर्नर तो उलटसुलट करून बघतो आणि 'गुरुवारी घिऊन जावा' एवढंच बोलतो. गुरुवारी गेलं नाही तर पुढच्या वेळी तो तुकड्याकडे बघण्याआधी तुमच्याकडे बघतो.

आता प्रेमाची बाजू घेणारे पुढे येतील. म्हणतील, लाज, धाक, ही काय भाषा झाली. यंत्रावर जीव जडला की सगळं आपोआप होतं. जीव जडतो, मान्य. पण निव्वळ जीव जडून गाडी वाचते का, याचा निकाल ऋत्विक घटकांनी १९५८ सालीच देऊन ठेवला आहे. त्यांच्या 'अजांत्रिक' या चित्रपटातला टॅक्सीवाला बिमल आपल्या १९२० सालच्या खटारा शेवरोलेवर, जगद्दलवर, माणसासारखं प्रेम करतो. तिच्याशी बोलतो, तिच्यावर रुसतो, असेल नसेल तो पैसा तिच्यात ओततो. शेवटी जगद्दल भंगारात जातेच. माझ्या मते तिथे प्रेम कमी पडलं नव्हतं, माणसं कमी पडली होती. बिमलला गाव हसत होतं. 'झाली का गाडी?' असं त्याला कुणी विचारत नव्हतं. या दोन्हींत फरक आहे. हसणारा निघून जातो, विचारणारा परत येतो.

अर्थशास्त्रज्ञ मात्र सहजासहजी हटायचा नाही. तो म्हणेल, गेलेला पैसा गेला. लोक काय म्हणतील म्हणून आणखी ओतत राहणं हा शुद्ध वेडेपणा, आणि तुमची लाज नेमकं तेच करायला लावते. त्याचं बरोबर आहे. फक्त त्यानं हे ट्रक खोलायच्या आधी येऊन सांगायला हवं होतं. अखंड गंजका ट्रक विकता येतो. डब्यांत भरलेला ट्रक विकत घ्यायला कुणी येत नाही, कारण आपल्या 'इतर'मध्ये काय आहे हे आपल्यालाच माहीत नसतं, तर गिऱ्हाइकाला काय सांगणार. भंगारवाला येतो, पण तो वजनावर घेतो, आणि वजनात सेंटिमेंट धरत नाही. राहता राहिला पैसे टाकून सगळं काम गॅरेजला देण्याचा मार्ग. तो ज्याला परवडतो त्याला उत्साहाची गरज नाही आणि लाजेचीही नाही. त्याला फक्त दर महिन्याला फोन करायची गरज असते. म्हणजे तिथेही 'झाला का ट्रक?' हाच प्रश्न, विचारणारा तेवढा बदलतो.

आणि इतकं करून ट्रक पुरा झाला हे ठरवायचं कुणी? मोटार कारखान्यातून जशी निघाली तशी केली की झाली. आपल्याकडे ट्रक कारखान्यातून बहुतेक वेळा नुसती चासी म्हणून निघे. पुढे बॉनेट आणि काउल, मागे मोकळं आकाश. केबिन आणि हौदा गावचा सुतार नि टिंकर ठरवत. तेव्हा मूळ रूप म्हणजे कुठलं? कुर्ल्याहून निघालं ते, सांगलीच्या सुतारानं सागवान लावून दिलं ते, की १९७४ साली अपघातानंतर निम्म्या पत्र्यात बदललं ते? सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं. पण नियम आहेत दुचाकींना आणि खाजगी वापराच्या चारचाकींना. ट्रकला चाकं सहा, आणि त्यानं उभ्या जन्मात खाजगी असं काही केलेलं नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी तो पुरा झाला काय आणि न झाला काय, सारखंच. मालक मग स्वतःच एक साल पकडतो आणि रंगाऱ्याला बोलावतो. रंगारी केबिनच्या कपाळावर कुलदैवताचं नाव घालतो, दारावर वजनाचे आकडे घालतो, वेलबुट्टी काढतो, आणि मागच्या फळीपाशी येऊन थांबतो. साल पाळायचं तर तिथे 'हॉर्न ओके प्लीज' पाहिजेच. त्याशिवाय तो ट्रक कसला? पण २०१५ पासून महाराष्ट्रात व्यापारी वाहनांवर ते लिहायला बंदी आहे. मिस्त्री म्हणतो, लिहा, कोण बघतंय. निवृत्त ड्रायव्हर म्हणतो, आरटीओ बघतंय. दूधवाल्याचं मत पडतं की 'ओके' तेवढं गाळावं. मेहुणा म्हणतो, धंदाच करायचा नाही तर हा ट्रक व्यापारी कसा? मग नियमाचा कागद मागवायचं ठरतं, दुसरा चहा होतो, आणि रंगारी डबा झाकून म्हणतो, 'तुमचं ठरलं की फोन करा. तवर दोन हजार उचल द्या.'